दोन रात्रींचं भाड्याचं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या ग्रुपवर एक साधा मेसेज आला. मुलांच्या सुट्टीत चार कुटुंबं मिळून तिळारीच्या पाण्याकाठी दोन रात्रींसाठी कॉटेज भाड्याने घेतोय, आणखी कोणी येणार का? एवढंच. त्यावर रात्री साडेअकरापर्यंत जे काही चाललं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे. साधकाला कसली पिकनिक, असं एकाने लिहिलं. तेवढ्या पैशांत एक दिवसाचं अन्नदान होईल, असं दुसऱ्याने. तिसऱ्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय काढला, आणि तो कुणाला उद्देशून होता हे सगळ्यांना कळलं. शेवटी एक वहिनी ग्रुप सोडून गेल्या. टोमणा मारणारे भाऊजी आणि ग्रुप सोडणाऱ्या वहिनी एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचं जेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चहा कसा झाला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या वेळच्या पत्रिकेत यावरच लिही असं मला सांगण्यात आलं. म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट. रानात, पाण्याकाठी, घरापासून लांब जाऊन राहणं हे आपल्या परंपरेत वावडं आहे का? मुळीच नाही. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसण्यासाठी स्वच्छ जागा पाहायला सांगितली आहे. मुळात तो विषय अगदी थोडक्यात येतो. पण ज्ञानेश्वर माउली तिथे आल्या की थांबतात. ओव्यांमागून ओव्या त्या एका जागेचं वर्णन करतात. माझी सगळ्यांना विनंती आहे की ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून तेवढा भाग एकदा वाचाच. घरात मोठ्याने वाचा, मुलांना बसवून.

माउली काय सांगतात ते माझ्या शब्दांत सांगते. जागा अशी हवी की बसलं तर उठावंसं वाटू नये. सहज वाटेने जाणारा कुणी, मनात हजार इच्छा घेऊन चाललेला, चुकून तिथे आला तरी परत जायचं विसरावा. शौकीन माणसालासुद्धा ती जागा पाहून वाटावं, राज्य सोडावं आणि इथेच निवांत राहावं. झाडं दाट, सदा फळणारी. पावलापावलावर पाणी, आणि ते पावसाळ्यातही गढूळ न होणारं. ऊन असावं पण सौम्य, वारा असावा पण हळू झुळकणारा. बहुतेक वेळ शांतता. मोठी जनावरं फार नसावीत, पोपटांचा आणि भुंग्यांचा गलबला नसावा. पाण्यालगत हंस, दोनचार सारस, कधीतरी एखादी कोकिळा. मोर कायम नकोत, पण आले-गेले तर माउली नको म्हणत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या गंभीर विषयात, कुंडलिनी जागृतीच्या उंबरठ्यावर, माउली मोरांना येण्याची परवानगी देतात!

आणि मग म्हणतात, अशा ठिकाणी एखादा आडोशाचा मठ किंवा शंकराचं देऊळ शोधावं. दोन्हींतलं मनाला पटेल ते घ्यावं आणि शक्यतो एकांतात बसावं.

तेव्हा जागेचा परिणाम मनावर होतो हे माउलींना मान्य आहे. आपण कोरगावच्या लोकांना ते वेगळं सांगायला नको. कमळेश्वराच्या देवळात दुपारी, कुणी नसताना बसून बघा. किंवा खाजनाच्या बांधावर, मानशीतून पाणी आत येत असताना. घरात अर्धा तास जपाची माळ ओढूनही जे होत नाही ते तिथे पाच मिनिटांत होतं. म्हणून ‘साधकाला कसली पिकनिक’ हा आक्षेप मला तितकासा पटत नाही. पिकनिक म्हणायचं की एकांत म्हणायचं हे तिथे जाऊन आपण काय करतो त्यावर ठरेल.

पण माउलींच्या वर्णनात एक अट आहे, ती आपण वाचताना गाळतो. जागा साधकांनी वसवलेली असावी, पण लोकांच्या पायांनी तुडवली गेलेली नसावी. आता बघा. आपल्याच पेडण्यात मोपचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. हरमलचं समुद्रालगतचं गोड्या पाण्याचं तळं आमच्या लहानपणी आम्ही फक्त ऐकून होतो. आज ते जगभरच्या लोकांना माहीत आहे. जी जागा मोबाइलवर शोधून सापडते ती दुसऱ्यांनाही सापडते. म्हणून ‘एकदम शांत, अनटच्ड’ अशी जाहिरात वाचून जाऊ नका. शांतता कॉटेजच्या भाड्यात धरलेली नसते. शेजारच्या कॉटेजमध्ये शनिवारी कोण येणार हे मालकालाही माहीत नसतं. गर्दी टाळायची तर आठवड्याच्या मधले वार घ्या. बोंडल्याच्या अभयारण्यात वनखात्याची कॉटेजीस आहेत, पण अभयारण्य गुरुवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. आपला वार तसाही चुकायचा नाही!

आता भाड्याच्या घराकडे येते. एकनाथी भागवत वाचलेल्यांना अवधूताची आणि यदुराजाची गोष्ट माहीत आहे. यदुराजाने त्या निश्चिंत अवधूताला विचारलं की एवढा आनंद तुला मिळाला कुठून? त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी इथपासून कोळी, मधमाशी, अजगर, पिंगला. त्यात एक गुरू आहे साप. सापाकडून काय शिकायचं? तर तो स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो आणि सुखाने राहतो. घर बांधण्याचा खटाटोप हे दुःखाचं मूळ आहे, असं अवधूत म्हणतो.

हे आजच्या पेडण्यात किती खरं आहे! डोंगर कापून ‘सेकंड होम’ बांधायची किती घाई चालली आहे ते आपण रोज रस्त्याने जाताना बघतो. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस ती घरं बंद. बाहेर वॉचमन, आत बुरशी. मालक दिल्लीत किंवा मुंबईत बसून इथल्या पाण्याच्या बिलाची, शेजाऱ्याच्या कुंपणाची आणि गळणाऱ्या टेरेसची काळजी करतो. त्या मानाने दोन रात्रींसाठी भाड्याने कॉटेज घेणारा माणूस अवधूताच्या जास्त जवळ आहे असं मी म्हणेन. आला, राहिला, किल्ली दिली, निघाला. रान त्याच्या नावावर झालं नाही, आणि त्याचं ओझंही त्याच्या डोक्यावर आलं नाही.

मांद्रे, हरमल, केरीच्या किनाऱ्यावरच्या खोपी आठवा. पाऊस सरला की बांबू, प्लायवूड, माडाची झावळं घेऊन माणसं येतात. हंगामभर त्या खोपींत लोक राहतात, भाडं देतात, समुद्र बघतात. आणि पावसाच्या आधी ते सगळं मोडून न्यावं लागतं. तात्पुरत्या बांधकामांना परवानगीच तशी असते. जूनमध्ये गेलात तर वाळूवर काही नाही. संतांनी देहाला भाड्याचं घर म्हटलं, ते आपण मान डोलावून ऐकतो. इथे ते दरवर्षी डोळ्यांसमोर उभं राहतं आणि मोडतं.

पण सापाच्या गोष्टीतला दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. साप दुसऱ्याच्या घरात राहतो तेव्हा आवाज करत नाही, आपली खूण मागे ठेवत नाही. भाडं भरलं म्हणजे दोन दिवस आपण मालक झालो, अशी आपली समजूत असते. एसी चालू ठेवून फिरायला जायचं. आपल्या घरी कधी करणार नाही ते तिथे करायचं, कारण ‘पैसे भरलेत’. तिळारीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. तिळारीचा कालवा आपल्याकडे पेडणे-डिचोलीत येतो. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला काढला की आपल्या नळांना कोरड पडते, हे आपण दर एकदोन वर्षांनी अनुभवतो. म्हणजे धरणाच्या काठावर बसून कुणी प्लास्टिकची पिशवी, शाम्पूची पुडी, उरलेलं तेल त्या पाण्यात सोडलं तर ते कुणा परक्याच्या पाण्यात नाही सोडलं. त्याच पाण्याने सोमवारी आपण देवाला अभिषेक करणार आहोत. निर्माल्यसुद्धा तिथे पाण्यात सोडू नका. बांधून घरी आणा, परसात तुळशीखाली घाला.

अवधूताचा आणखी एक गुरू आहे, त्याच्यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे. माझ्या मते गुरुवारच्या भांडणाचं खरं मूळ तिथेच आहे.

एक कुमारी होती. घरात ती एकटी. तिला बघायला पाहुणे आले. घरची मंडळी बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचं तर भात कांडायला हवा. ती कांडू लागली तशा हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पाहुण्यांना आवाज गेला तर कळेल की या घरात कांडलेले तांदूळसुद्धा शिल्लक नाहीत, मुलीलाच कांडायला लागतं. तिला लाज वाटली. तिने एकेक करून बांगड्या काढल्या. दोन राहिल्या, तरी वाजतच होत्या. शेवटी प्रत्येक हातात एकेकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतो, पुष्कळ एकत्र राहिले की भांडण, दोघं राहिले की बोलणं. म्हणून एकटं राहावं, त्या कुमारीच्या हातातल्या एका बांगडीसारखं.

प्रवचनांत ही गोष्ट एकांताचं महत्त्व सांगण्यासाठी येते आणि ते बरोबरच आहे. पण मी बाईमाणूस. मला त्या गोष्टीत मुसळ दिसतं. पाहुणे ओसरीवर बसले आहेत आणि ती आत कांडते आहे. तिचा एकांत तिला विश्रांती म्हणून मिळालेला नाही, तो तिने काम करता करता, हाताने आवाज दाबून मिळवलेला आहे.

आता आपल्या कॉटेजचा विचार करा. चार कुटुंबं म्हणजे चौदा-पंधरा माणसं. ‘स्वतः स्वयंपाक केला तर स्वस्त पडेल, शिवाय आपलं शिवराक, सोवळ्याचं’ असं ठरतं. गाडीच्या डिकीत गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, आदोळी, नारळ, तांदूळ, लोणच्याची बरणी. हे सगळं आदल्या रात्री कोण बांधतं? पोचल्यावर पुरुष मंडळी बाहेर खुर्च्या टाकून तळं बघतात. मुलं पाण्याकडे धावतात. आणि बायका आत नव्या स्वयंपाकघरात सुरी कुठे आहे, नळाला पाणी का येत नाही ते शोधतात. चहा, मग नाश्ता, मग दुपारचं, पुन्हा चहा, पुन्हा रात्रीचं. दोन दिवसांनी परत आलो की सगळे म्हणतात, काय फ्रेश वाटतंय! तिला कुणी विचारत नाही. तिने घरातला स्वयंपाक दुसरीकडे जाऊन केला, तोही अपुऱ्या भांड्यांत, एवढंच.

ज्या वहिनी ग्रुप सोडून गेल्या त्यांच्या शेवटच्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. ‘वर्षभर राबते, दोन दिवस मला पण हवेत,’ असं त्यांनी लिहिलं होतं. त्यावर उत्तर काय आलं? सेवेत थकवा कसला. माझं म्हणणं असं की सेवा हा शब्द दुसऱ्याला सुनावायचा नसतो. तो स्वतःला सांगायचा असतो. जो स्वतः पाण्याचा तांब्या भरून घेत नाही त्याने दुसरीला सेवेचं माहात्म्य सांगू नये. हे कुणाला लागलं तर लागू दे.

आपल्या मातीत याचं उत्तर आहे आणि ते फार जुनं आहे. डिचोलीतल्या शिरगावला श्रीलईराई देवीची जत्रा वैशाखात भरते. आपल्यातल्या कितीतरी घरांत धोंड आहेत. जत्रेच्या आधी धोंड व्रत धरतात, घरापासून वेगळे राहतात. झऱ्याकाठी, विहिरीपाशी, तळीच्या आसपास मांडव घालून एकत्र राहायचं, वेळच्या वेळी अंघोळ करायची, सात्त्विक जेवायचं. हाही पाण्याकाठचा मुक्कामच झाला. आणि तिथे जेवण कोण करतं? धोंड स्वतः करतात. एरवी घरी ज्याला पाण्याचा ग्लास हातात लागतो तो तिथे भाजी चिरतो, भात उतरवतो, भांडी घासतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण ते व्रत आहे. मग निखाऱ्यांवरून चालायची ताकद त्याच्यात येते. पाच-सहा दिवस व्रत म्हणून जे जमतं ते दोन रात्री कॉटेजमध्ये का जमू नये?

नाहीतर दुसरी वाट आहे. तिथल्याच बाईंना जेवणाचं सांगा. गावांतल्या अशा बहुतेक ठिकाणी घरमालकीण किंवा शेजारची बाई जेवण करून देते. बुकिंग करतानाच कांदा-लसणाशिवाय हवं, अंडं-मासळी नको, उपवासाचं काय लागेल, हे स्पष्ट सांगायचं. तोंडी नको, मेसेजवर लिहून. आणि ती जे पैसे सांगेल ते घासाघीस न करता द्यायचे. अन्नदानाचा आक्षेप घेणाऱ्या बंधूंनाही मी हेच सांगेन. अन्नदान जरूर करा, पण हा पैसा कुठे जातो तेही बघा. दोडामार्गातल्या किंवा सत्तरीतल्या एखाद्या बाईच्या हातात तिच्या स्वयंपाकाचा मोबदला पडला तर त्याने पुण्य कमी होत नाही.

आता देणाऱ्यांची बाजू. आपल्या परिवारात पेडण्यात, डिचोलीत खोल्या भाड्याने देणारी घरं आहेत. कुळागरात दोन खोल्या काढलेल्या एका भगिनीने विचारलं होतं की येणारे लोक दारू पितात, मला ते चालत नाही, पण दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? अतिथीला देव मानायचं ना?

अतिथी या शब्दाचाच अर्थ बघा ना. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तुमचा पाहुणा तर तारीख, वेळ, माणसं किती, सगळं आधी कळवून येतो, अॅडव्हान्स भरून येतो! तो ग्राहक आहे. त्याला पाणी विचारा, हसून बोला, स्वच्छ चादर द्या, कबूल केलेलं सगळं द्या. पण घराचा नियम तुम्ही ठरवायचा. फक्त तो बुकिंगच्या वेळी सांगायचा. दारात आल्यावर सांगितला तर तो नियम राहत नाही, अडवणूक होते. तसंच फोटोत दिसतं ते असलं पाहिजे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी असेल तर तसं सांगा. आणि कायद्याचं पाळा. गोव्यात पर्यटकांना खोली देणाऱ्याने १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरायची असते. देवघरात दिवा लावायचा आणि ही नोंदणी चुकवायची, हे आपल्याला शोभत नाही.

घेणाऱ्यांनीही नोंदणी विचारावी. अनोळखी नंबरवर पूर्ण रक्कम आधी पाठवू नये. फोटो सुंदर, भाडं फारच कमी आणि ‘आत्ताच भरा, दुसरं गिऱ्हाईक आहे’ असं म्हटलं की थांबावं. आपला कुणी गुरुबंधू त्या गावात असतोच, त्याला एकदा बघून यायला सांगा. ग्रुपचा उपयोग सुप्रभातच्या फुलांपलीकडे यासाठी करता येतो.

रानात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. रान रिकामं नसतं. दोडामार्गात २००२ पासून हत्ती आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार हत्ती आपल्या पेडण्यात मोप-तांबोशेपर्यंत आला, शेतात उतरला, तेव्हा आपण सगळे घाबरलो आणि फटाके लावले. त्याच्या रानात आपण लाउडस्पीकर घेऊन जातो तेव्हा त्याला काय वाटत असेल? रात्री कॉटेजबाहेर फिरू नका, उरलेलं अन्न बाहेर टाकू नका, माकडांना केळी देऊ नका. सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्गात त्यानंतरच्या वर्षी माकडताप आला होता. तो गोचिडीमुळे होतो, आणि त्याचा हंगाम कोरड्या महिन्यांचा, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीपर्यंतचा. पाचोळ्यात बसू नका, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परत आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर पंधरवड्यात कुणाला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

आणि पाणी. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात, तशी सवय आपल्याला झाली आहे. धरणाच्या बॅकवॉटरवर, रानातल्या कोंडीवर कुणी नसतं. वरून पाणी शांत दिसतं आणि पायाखाली गाळ असतो, एकदम खोली येते. पोहता येणारी मुलंसुद्धा बुडतात, कारण ती आत जातात. म्हणून एक मोठा माणूस फक्त मुलांवर लक्ष ठेवायला बसवा. त्याच्या हातात मोबाइल नको. हे मी धर्मकार्य म्हणून सांगते आहे, आई म्हणून सांगते आहे.

राहिली म्हाताऱ्या माणसांची गोष्ट. ज्या आईंचा विषय ग्रुपवर निघाला त्यांना मी शनिवारी फोन केला. त्यांनी ग्रुप वाचलेला नाही, त्यांच्याकडे साधा फोन आहे. म्हटलं, मुलं तिळारीला जायचं म्हणतात, तुम्हाला राग येईल का? त्या म्हणाल्या, राग कसला गो, पण मला कुणी विचारलंच नाही. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण धरण तिने पाहिलेलं नाही. तिच्या बाबतीत ‘कोण सांभाळणार’ यावर घरात एवढं बोलणं झालं, आणि ‘येतेस का’ हा प्रश्न कुणाच्या तोंडात आला नाही. तळमजल्याची खोली, कमोड आहे का, पायऱ्या किती, हे मालकाला विचारलं की झालं. ती खुर्चीत बसेल, माळ ओढेल, पाणी बघेल. माउलींनी ज्या जागेचं वर्णन केलं आहे तिथे आधी बसण्याचा हक्क चौदा माणसांत तिचाच आहे असं मला वाटतं.

पारायणाच्या सप्ताहात कुणी बुकिंग करू नये, एवढी एक अट मात्र सगळ्यांनी मानावी. गुरुचरित्राला बसलेल्या माणसाने मध्येच गाडीत बसायचं नाही. बाकी वर्षात दिवस भरपूर आहेत. नित्याची आरती जिथे असाल तिथे सात वाजता करा, हळू आवाजात, शेजारच्या कॉटेजला त्रास होणार नाही अशी. व्हिडिओ ग्रुपवर टाकायची गरज नाही. तिथे रेंज नसली तर उत्तमच. फक्त निघण्यापूर्वी ठिकाण, मालकाचा नंबर आणि परतीची वेळ घरच्या एका माणसाला देऊन ठेवा.

वहिनींना ग्रुपमध्ये परत घेतलं आहे. भाऊजींशीही बोलणं झालं, ते त्यांच्यापाशीच राहू दे. तिळारीला जाणाऱ्या चारही कुटुंबांनी अॅडव्हान्स पाठवण्याआधी एवढंच करावं: दोन दिवसांतली प्रत्येक वेळची जेवणं कोण करणार, भांडी कोण घासणार आणि मुलांवर पाण्याकाठी कोण बसणार, ती नावं ग्रुपवर टाकावीत. एकच नाव दोनदा आलं तर मी फोन करणार आहे.

जय गुरुदेव.

एक सेविका, कोरगाव, पेडणे